ग्रामर शाळांच्या विस्ताराला हरकत घ्यायची, तर नेमकी कशाला आणि कशी?

प्रश्न असा आला आहे (ग्रामर शाळा म्हणजे अकराव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या इलेव्हन-प्लस या परीक्षेतून मुले निवडणारी सरकारी शाळा): "आम्ही इंग्लंडमध्ये अशा काउंटीत राहतो जिथे इलेव्हन-प्लसची परीक्षा अजून आहे. मुलगी प्राथमिक शाळेत पाचव्या इयत्तेत आहे. जवळच्या ग्रामर शाळेचा दुसऱ्या गावात शाखा काढण्याचा विचार आहे, असे ऐकतो. २०१६ मध्ये सरकारने नव्या ग्रामर शाळांचा प्रस्ताव आणला होता, तेव्हा एवढ्या शिक्षकांनी विरोध का केला? चांगल्या शाळा वाढत असतील तर बिघडले कुठे? आणि विरोध करायचाच तर साध्या पालकाने काय लिहायचे? स्वतःची मुलगी परीक्षेला बसवून विरोध करणे हा दुटप्पीपणा नाही का?"

मी इंग्लंडमध्ये २६ वर्षे गणित शिकवले, त्यातली शेवटची ९ वर्षे उपमुख्याध्यापिका म्हणून. सगळी नोकरी अशा शाळांत झाली, जिथे इलेव्हन-प्लस न उतरलेली मुले येतात. सरकारने किंवा कौन्सिलने हरकती-सूचना मागवल्या की शाळेतर्फे उत्तर लिहायचे काम बहुधा माझ्याकडे येई. त्यामुळे माझे उत्तर तटस्थ नाही.

तुमच्या प्रश्नात 'चांगल्या शाळा' असा शब्द आहे. ग्रामर शाळा चांगल्या असतात. तिथले शिक्षक मेहनती असतात, निकाल उत्तम लागतात, आणि तिथे शिकलेल्या मुलांना शाळेचा अभिमान असतो तो खराच असतो. हे नाकारून हरकत लिहिलीत तर पहिल्या ओळीतच ती कमकुवत होते. अडचण वेगळी आहे. ग्रामर शाळा कधी एकटी उघडत नाही. ती उघडली की भोवतालच्या तीन-चार शाळा त्याच दिवशी 'न निवडलेल्यांच्या' होतात. त्यांनी काही मागितलेले नसते, त्यांच्या पाटीवरचे एक अक्षरही बदलत नाही. पण त्या भागातली वाचनात-गणितात पुढे असलेली मुले, त्यांचे उत्साही पालक आणि पाठोपाठ काही शिक्षक दुसरीकडे जातात. सरकारी कागदावर एका नव्या शाळेचा प्रस्ताव असतो, प्रत्यक्षात तो पाच शाळांचा असतो. माझ्या प्रत्येक हरकतीचा मुद्दा हाच राहिला: उरलेल्या चार शाळांचे काय होणार, ते याच कागदावर लिहा.

थोडा इतिहास हवा, कारण हरकत वाचणारा अधिकारी तो जाणून असतो. १९४४ च्या शिक्षण कायद्याने सर्वांना माध्यमिक शिक्षण मोफत केले. त्यानंतर बहुतेक ठिकाणी अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन काही मुले ग्रामर शाळेत आणि बाकीची सेकंडरी मॉडर्नमध्ये जाऊ लागली. तंत्रशाळांचा तिसरा प्रकार ठरला होता, तो फारसा उभाच राहिला नाही. १९६० च्या दशकात देशात सुमारे १३०० ग्रामर शाळा होत्या. १९६५ मध्ये शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी १०/६५ क्रमांकाचे परिपत्रक काढले आणि कौन्सिलांना सगळ्या मुलांसाठी एकच, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, शाळा करण्याची विनंती केली. विनंती, आदेश नव्हे. म्हणूनच काही काउंटींनी ती मानली नाही आणि आज १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत. केंट, बकिंगहॅमशर, लिंकनशर, ट्रॅफर्ड ही त्यांची मुख्य ठिकाणे. १९९८ च्या कायद्याने नवी ग्रामर शाळा काढायला बंदी केली. असलेली शाळा मात्र वाढू शकते, आणि तुमच्याकडचा प्रस्ताव याच फटीतून आलेला आहे.

आता गणित, कारण विरोधाचा सर्वांत मजबूत पाया तिथे आहे असे मला वाटते. कुठल्याही परीक्षेत चूक असते. त्या दिवशी मूल आजारी असते, एखादा प्रश्न नेमका सरावातला निघतो, कुणी ऑगस्टमध्ये जन्मलेले, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असते. वयाप्रमाणे गुण जुळवले तरी सगळे फरक भरून निघत नाहीत. १९५७ मध्ये नॅशनल फाउंडेशन फॉर एज्युकेशनल रिसर्चने केलेल्या पाहणीत, चांगली पद्धत वापरूनही सुमारे १० टक्के मुले चुकीच्या बाजूला जातात असे दिसले होते. याचा अर्थ डोळ्यांसमोर आणा. १००० मुले, त्यांतली २५० निवडायची. १० टक्के चूक म्हणजे १०० मुले. जागा ठरलेल्या असल्यामुळे चुकून आत आलेले प्रत्येक मूल दुसऱ्या एखाद्याला बाहेर ठेवते, म्हणजे ५० आत आणि ५० बाहेर. आत गेलेल्या ५० जणांचे फारसे बिघडत नाही. बाहेर राहिलेले ५० म्हणजे माझ्या शाळेतले जवळजवळ दोन वर्ग. प्रश्नपत्रिका कितीही सुधारली तरी कटऑफच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली मुले सारखीच असतात. १२० आणि १२१ गुणांत हुशारीचा फरक नसतो, पण पुढची सात वर्षे वेगळी होतात.

परीक्षा सुधारण्याचे प्रयत्नही झाले. बकिंगहॅमशरने २०१३ मध्ये नव्या धाटणीची परीक्षा आणली, शिकवणीचा फायदा कमी व्हावा या आशेने. ती आशा फळली नाही. शिकवणीवाल्यांनी नव्या परीक्षेची पुस्तके काढली आणि त्याच पालकांनी ती घेतली.

पुराव्यातले आकडे थोडे पण नेमके वापरा. सटन ट्रस्ट या संस्थेने २०१३ मध्ये दाखवले की ग्रामर शाळांत प्रवेश घेणाऱ्यांत मोफत शालेय जेवणास पात्र, म्हणजे गरीब घरांतली, मुले ३ टक्क्यांहून कमी होती, तर त्या भागांत अशा मुलांचे सरासरी प्रमाण १८ टक्के होते. त्याच पाहणीत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळपास १३ टक्के मुले सरकारी शाळांच्या बाहेरून, बहुतांशी फी घेणाऱ्या प्रेप शाळांतून आलेली होती. एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटने सप्टेंबर २०१६ मध्ये निकाल तपासले. मुलांची आधीची तयारी आणि घरची परिस्थिती हिशेबात धरली, तर निवडीमुळे एकूण निकालात चढही नाही आणि उतारही नाही. ग्रामरमध्ये गेलेल्यांना जीसीएसईच्या (सोळाव्या वर्षीची परीक्षा) दर विषयात साधारण एक तृतीयांश ग्रेडचा फायदा होतो. सर्वाधिक निवड होणाऱ्या भागांत ग्रामरबाहेर राहिलेल्या गरीब मुलांचे मात्र सगळे विषय मिळून सरासरी १.२ ग्रेडचे नुकसान होते. हा फायदाही लिहा. आपल्या विरुद्ध जाणारा आकडा हरकतीत स्वतःहून दिला की वाचणारा पुढचे लक्षपूर्वक वाचतो.

आकड्यांत न येणारे एक मी पाहिलेले सांगते. सप्टेंबरमध्ये सातव्या इयत्तेत, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्षात, आलेल्या मुलांना इलेव्हन-प्लसचे स्वतःचे गुण पाठ असत. पहिल्या आठवड्यात मी अपूर्णांकांचा एक साधा खेळ घ्यायची. एका वर्षी एका मुलाने वहीच उघडली नाही. "मी गणितातला नाही, मिस. परीक्षेत कळलं," असे तो शांतपणे म्हणाला. त्याला अकरावे वर्ष नुकतेच पूर्ण झाले होते. त्याच्या डोक्यातून ते वाक्य काढायला मला ख्रिसमसपर्यंतचा वेळ लागला, आणि तो मुलगा हट्टी होता म्हणून ते जमले. दरवर्षी जमत नसे. दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे ए-लेव्हलला (अठराव्या वर्षीची परीक्षा) फर्दर मॅथ्स, म्हणजे वरच्या पातळीचे गणित, घेऊ इच्छिणारी मुले एखाद्या वर्षी दोनच असत. दोघांसाठी वर्ग चालवणे परवडत नाही, म्हणून तो विषय बंद, आणि विषय बंद म्हटल्यावर तो शिकवू शकणारा शिक्षक अर्ज करत नाही. या चक्राची जबाबदारी एकट्या कुणा मुख्याध्यापकावर टाकता येत नाही, ते शाळांच्या रचनेतूनच येते.

समर्थकांचे दोन मुद्दे मी गंभीरपणे घेते. पहिला असा की कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांतही निवड होते, फक्त ती घराच्या किमतीने होते. चांगल्या शाळेभोवतीची घरे महाग, म्हणजे श्रीमंताचे मूल आत. हे खरे आहे आणि ते अन्यायाचे आहे. पण त्यावर उपाय प्रवेशाच्या नियमांत आहेत. हद्द ठरवण्याची पद्धत बदलता येते, काही जागा सोडतीने देता येतात, प्युपिल प्रीमियम (गरीब मुलांसाठी शाळेला मिळणारा जादा निधी) मिळणाऱ्या मुलांना प्राधान्य देता येते. शिवाय ग्रामर शाळांजवळची घरेही महागच असतात. तिथे घर आणि शिकवणी असे दोन्ही खर्च येतात.

दुसरा मुद्दा आपल्या लोकांकडून नेहमी येतो, आणि तो मला जास्त लागतो. भारतीय वंशाच्या घरांतली मुले या परीक्षेत मोठ्या संख्येने उतरतात. 'ज्या देशात आपली ओळखपाळख नाही तिथे ही एकच शिडी आपल्याला मिळाली, तीही काढून घेता?' असे अनेक आईवडिलांनी मला विचारले आहे. मी त्यांना एवढेच विचारते: आपल्यातल्या ज्या घरी आई रात्रपाळीला जाते आणि बाप टॅक्सी चालवतो, त्या घरातले मूल शिकवणीला कोणत्या संध्याकाळी जाते? आमच्या शाळेत अशी मराठी, गुजराती, पंजाबी मुले होती. समाजाच्या कार्यक्रमांत त्यांच्या शाळेचे नाव कुणी विचारत नसे, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असे.

आता २०१६ च्या विरोधाचे. तो सफल झाला, म्हणून त्याची यंत्रणा समजून घेणे उपयोगी आहे. ९ सप्टेंबर २०१६ ला पंतप्रधान थेरेसा मे यांनी भाषणात घोषणा केली आणि तीनच दिवसांनी ग्रीन पेपर, म्हणजे हरकती-सूचनांसाठीचा मसुदा, प्रसिद्ध झाला. मुदत १२ डिसेंबरपर्यंत. ग्रामर शाळांच्या विस्तारासाठी वर्षाला ५ कोटी पौंड ठेवले होते. नव्या निवडक शाळांना अटी होत्या: कमी उत्पन्नाच्या घरांतली काही मुले घ्यावीत, किंवा सर्वांसाठी खुली नवी शाळा काढावी, किंवा मागे पडलेल्या शाळेला हात द्यावा. ऐकायला वाजवी वाटावे असेच ते होते.

पण प्रश्नावली बारकाईने वाचली तेव्हा आम्हा शिक्षकांच्या लक्षात आले की मूळ प्रश्न त्यात नव्हताच. असलेल्या ग्रामर शाळांना वाढायला आम्ही कशी मदत करावी, नव्या शाळा काढायला काय करता येईल, अशा धर्तीचे प्रश्न होते. निवड वाढवावी की नाही, हे कुठेही विचारलेले नव्हते. मी तेव्हा शाळेतर्फे उत्तर लिहिले त्यात प्रत्येक चौकटीत आधी एकच वाक्य घातले, 'या प्रश्नात जे गृहीत धरले आहे ते आम्हाला मान्य नाही,' आणि मग विचारलेल्या बाबीचे नीट उत्तर दिले. चौकट रिकामी सोडली तर 'मत नाही' अशी नोंद होते. रागाने भरली तर ती एका आकड्यात जमा होते. गृहीतक नाकारून पुराव्यासह भरली, तर तिला निदान दखल घ्यावी लागते.

विरोध फक्त शिक्षक संघटनांचा नव्हता, हे महत्त्वाचे. शाळातपासणी करणाऱ्या ऑफस्टेडचे तेव्हाचे प्रमुख सर मायकल विल्शॉ उघडपणे विरोधात बोलले. सत्ताधारी पक्षाच्याच आधीच्या शिक्षणमंत्री निकी मॉर्गन यांनी लेबरच्या लूसी पॉवेल आणि लिबरल डेमोक्रॅट निक क्लेग यांच्याबरोबर विरोधात लेख लिहिला. फेब्रुवारी २०१७ मध्ये संसदेच्या शिक्षण समितीने, जिचा अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचाच होता, सरकारने आपली बाजू सिद्ध केलेली नाही असा अहवाल दिला. सरकारचे बहुमत लहान होते, म्हणून स्वपक्षाचे मूठभर खासदारही पुरेसे होते. १९९८ ची बंदी उठवण्याचे वचन २०१५ च्या जाहीरनाम्यात नसल्यामुळे हाउस ऑफ लॉर्ड्सलाही ते अडवण्याची मोकळीक होती. २०१७ च्या जाहीरनाम्यात ते आले, पण ८ जूनच्या निवडणुकीत बहुमतच गेले आणि सरकारच्या योजना मांडणाऱ्या त्या महिन्यातल्या राणीच्या भाषणात नव्या ग्रामर शाळांचा उल्लेख राहिला नाही. मे २०१८ मध्ये शिक्षणमंत्री डेमियन हाइंड्स यांनी कायद्याला हात न लावता असलेल्या शाळांच्या विस्तारासाठी ५ कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. म्हणजे समोरचा दरवाजा बंद राहिला आणि बाजूची खिडकी उघडली.

त्या खिडकीचे जुने उदाहरण केंटमधले आहे. टनब्रिजच्या एका ग्रामर शाळेला सुमारे १० मैलांवरच्या सेव्हनओक्समध्ये इमारत उघडायला ऑक्टोबर २०१५ मध्ये परवानगी मिळाली. नवी शाळा काढायला बंदी, म्हणून तिला त्याच शाळेचा विस्तार म्हटले गेले. तुमच्याकडच्या प्रस्तावात पहिली तपासायची गोष्ट हीच: ती खरोखर एकच शाळा राहणार आहे का? मुले दोन्ही ठिकाणी जाणार का, शिक्षक सामायिक का, कारभार एक का? 'अधूनमधून एकत्र कार्यक्रम' एवढेच उत्तर असेल तर ते हरकतीत शब्दशः उतरवा.

कायदा इथे सामान्य माणसाच्या बाजूने बराच आहे, आणि गंमत नव्हे तर खरी शिकवण अशी की त्याचे महत्त्वाचे निकाल ग्रामर शाळा वाचवू पाहणाऱ्यांनी मिळवलेले आहेत. १९६७ मध्ये एनफील्डच्या करदात्यांनी कौन्सिलला न्यायालयात रोखले, कारण शाळांची रचना बदलण्याआधीच्या जाहीर सूचना दिल्या गेल्या नव्हत्या. त्याच वर्षी तिथल्याच एका शाळेबाबत शिक्षण खात्याने म्हणणे मांडायला जेमतेम काही दिवस दिले, ते न्यायालयाने अपुरे ठरवले. १९७६ च्या टेमसाइड प्रकरणात नव्या कौन्सिलने ग्रामर शाळा राखायचे ठरवले, मंत्र्यांनी उलट आदेश दिला, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने, जे तेव्हा देशाचे सर्वोच्च न्यायालयही होते, कौन्सिलचे वागणे अवाजवी नव्हते असा निकाल दिला. त्या लोकांशी माझे मत जुळत नाही. पण सरकारला कार्यपद्धती पाळायला लावायची हत्यारे त्यांनी आपल्या सगळ्यांच्या हाती दिली. पुढे १९८५ च्या गनिंग खटल्यातून चार कसोट्या आल्या आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मान्य केल्या: निर्णय पक्का होण्याआधी विचारले पाहिजे, प्रस्तावाची कारणे पुरेशी दिली पाहिजेत, उत्तराला पुरेसा वेळ हवा, आणि आलेल्या उत्तरांचा प्रामाणिक विचार झाला पाहिजे. बांधकामाचे कंत्राट आधी देऊन मग हरकती मागवल्या असतील, तर पहिलीच कसोटी मोडते.

तुम्ही काय करायचे ते आता सांगते. लिहिण्याआधी माहिती मागवा. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने कौन्सिलला साधारणपणे कामकाजाच्या २० दिवसांत आणि शाळेला साधारणपणे शाळा भरण्याच्या २० दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रत्येक प्राथमिक शाळेतून किती मुले पात्र ठरली, प्युपिल प्रीमियमची किती, काउंटीबाहेरची किती, हे विचारा. माझ्या अनुभवात हा एकच तक्ता दहा निबंधांहून जास्त काम करतो, कारण एका प्राथमिक शाळेतून वीस आणि तीन मैलांवरच्या दुसरीतून एकही नाही, हे नगरसेवकाला लगेच कळते. दुसरी शाळा बहुधा त्याच्याच वॉर्डात असते. २०१८ च्या निधीसाठी अर्ज करणाऱ्या शाळांकडून गरीब मुलांच्या प्रवेशाची आणि शेजारच्या शाळांना मदतीची योजना मागितली जात होती. तुमच्या शाळेची अशी योजना असेल तर ती घ्या आणि त्यातले प्रत्यक्षात काय झाले ते विचारा. बर्मिंगहॅममधल्या किंग एडवर्ड ग्रामर शाळांनी प्युपिल प्रीमियमच्या मुलांसाठी काही जागा राखून गुणांची अट खाली आणली. इथे तसे का नाही, हा प्रश्न शाळेला टाळता येत नाही.

प्रवेशाचे नियम बदलणार असतील तर त्यावरच्या हरकती १ ऑक्टोबर ते ३१ जानेवारी या काळात, किमान सहा आठवडे, मागवाव्या लागतात. ठरलेले नियम अन्यायाचे वाटले तर १५ मेपर्यंत स्कूल्स अॅडज्युडिकेटरकडे, म्हणजे प्रवेशनियमांवरच्या हरकतींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करता येते. तो निवडपद्धत बंद करू शकत नाही, पण नियम न्याय्य आहेत की नाहीत हे बघतो. परीक्षा पूर्ण बंद करण्यासाठी १९९८ च्या कायद्यात पालकांच्या मतदानाची सोय आहे. ती आजवर एकदाच वापरली गेली, मार्च २००० मध्ये रिपन इथे, आणि शाळा राखण्याच्या बाजूने १४९३ तर विरोधात ७४७ मते पडली. त्या वाटेला जाण्याची शिफारस मी करणार नाही. मतदान मागण्यासाठीच पात्र पालकांपैकी २० टक्क्यांच्या सह्या लागतात, आणि मतदान हरले की पुढची कित्येक वर्षे तो विषय कुणी ऐकत नाही.

पत्र दोन पानांचे असू द्या. छापील मजकुरावर शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा पालकांची दहा वेगळी पत्रे बरी. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आधी भेटा. नोकरीत असल्याने ते स्वतः बहुधा उघड बोलत नाहीत, पण त्यांच्याकडे किती जागा रिकाम्या राहतील आणि त्यामुळे निधी किती घटेल हे ते सांगू शकतात. मुलांच्या संख्येवर पैसे मिळतात, हे बहुतेक हरकतींत राहून जाते.

राहिला दुटप्पीपणाचा प्रश्न. माझा मुलगा ही परीक्षा पास झाला आणि ग्रामरमध्ये गेला. तीन वर्षांनी मुलीचे दोन गुण कमी पडले. अपील केले नाही. ती माझ्याच शाळेसारख्या शाळेत गेली. चार वर्षे आमच्या घरासमोरून सकाळी दोन बस सुटायच्या आणि दोघे वेगवेगळ्या थांब्यांवर उभे राहायचे. दोघांना मीच घरी गणित शिकवले होते, एकाच जेवणाच्या टेबलावर, आणि शिकवताना मला तरी त्यांच्यात फरक दिसला नव्हता. तुमच्या मुलीला परीक्षेला बसवायचे असेल तर जरूर बसवा, आहे त्या नियमांत तिचे भले बघणे तुमचे कामच आहे. आणि पत्राच्या पहिल्या परिच्छेदात ते लिहून टाका: माझी मुलगी या वर्षी ही परीक्षा देणार आहे, ती उतरली तरी आणि न उतरली तरी माझी हरकत हीच राहील. निकाल ऑक्टोबरमध्ये येतात, ३१ ऑक्टोबरला प्रवेशअर्जाची मुदत संपते. पत्र शक्यतो निकालाच्या आधी पाठवा.